चंचल मूल आणि निदानाची भाषा

मराठीत चंचल मुलासाठी शब्दांची टंचाई नाही. वांड, द्वाड, व्रात्य, खोडकर, चळवळ्या, धांदरट, वेंधळा, विसरभोळा असे डझनभर शब्द आपण घराघरांतून ऐकतो. कुणाच्या पायाला भिंगरी असते, कुणी एका जागी बूड टेकत नाही, तर कुणाच्या एका कानातून शिरलेले दुसऱ्या कानातून बाहेर पडते. ह्यांतले काही शब्द रागाचे आहेत, काही कौतुकाचे. बाळकृष्णाच्या खोड्या ऐकत वाढलेल्या समाजात कौतुक असणारच! परंतु ह्या साऱ्या शब्दांत असा एकही नाही, की जो कानी पडताच आईबापांनी म्हणावे, "चला, ह्याला एकदा डॉक्टरांना दाखवून आणू."

गेल्या काही वर्षांत मात्र असा एक शब्द आपल्याकडे येऊन पोचला आहे. तो म्हणजे ए.डी.एच.डी. अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असा त्याचा अर्थ. ह्या लेखात मी सोयीसाठी नुसते 'अतिचंचलता' म्हणेन. शब्द आला आणि त्याच्याबरोबर दोन पक्षही आले. एक पक्ष म्हणतो, "हे शहरी लोकांचे थोतांड आहे. आमच्या वेळी असली मुले दोन छड्यांत सरळ होत असत." दुसरा पक्ष मूल जरा हलले-बोलले की शिक्का मारून मोकळा होतो. दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. मुलाकडे निवांत बसून पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

मी आदिलाबाद जिल्ह्यातली. आमच्याकडे ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याच्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे भाषेचा. ज्या मुलाची परीक्षा करायची, त्या मुलाची भाषा कोणती, परीक्षकाची कोणती आणि शाळेची कोणती? हे तीन प्रश्न आधी विचारल्याशिवाय केलेले निदान हे निदान नव्हे, तो केवळ अंदाज होय, असे माझे मत आहे. त्याची कारणे वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

विकार जुना, नाव नवे

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा विकार मोबाइलने जन्माला घातला असे पुष्कळांना वाटते. तसे असते तर 1798 साली अलेक्झांडर क्राइटन ह्या स्कॉटिश डॉक्टरला लक्ष न टिकणाऱ्या माणसांवर लिहिण्याचे कारण पडले नसते. 1902 साली जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांचे वर्णन त्याने त्यांत केले. तेव्हा मोबाइल तर सोडाच, रेडिओदेखील घरात आलेला नव्हता. 1968 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हा विकार बालपणीच्या अतिक्रियाशीलतेच्या नावाने नोंदला गेला. 1980 साली भर अवधानावर आला, आणि 1987 पासून आजचे नाव रूढ झाले. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने झोप बिघडते आणि चंचलपणा वाढतो हे खरे. परंतु वाढणे वेगळे आणि उत्पन्न होणे वेगळे.

जगभरातल्या अभ्यासांचा 2007 साली एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात शंभर मुलांमागे सुमारे पाच मुले हे प्रमाण निघाले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोघे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असेही दिसते की, ह्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा "आईने लाडावले" किंवा "बापाचा धाक नाही" हे निवाडे आपण जरा आवरते घेतलेले बरे.

निदानाची दुहेरी नोंद

निदान कसे करतात? मलेरियासाठी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहता येतो. हाड मोडले तर क्ष-किरणांनी दिसते. अतिचंचलतेचे तसे नाही. तिच्यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र काढून ठरवता येत नाही. सारे निदान माणसांच्या सांगण्यावर आणि डॉक्टरांच्या पाहण्यावर उभे असते.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत अठरा लक्षणे दिली आहेत. नऊ अवधानाची, नऊ चंचलपणाची आणि उतावळेपणाची. लहान मुलात दोहोंपैकी एका गटातली निदान सहा लक्षणे सहा महिने तरी दिसली पाहिजेत. ती वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असली पाहिजेत. त्यांच्यामुळे मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होत असले पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही कारणाने त्यांचा उलगडा अधिक चांगला होत नसला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. घरी आणि शाळेत, उदाहरणार्थ.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची अट लगेच कळते. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन खात्यांत झाली पाहिजे, हा आमचा पहिला धडा. एकाच बाजूला नोंद असेल तर तेरीज जुळत नाही, आणि चूक शोधावी लागते. मूल फक्त शाळेत चंचल असेल आणि घरी, शेतात, खेळात शांतपणे एकेक काम पुरे करीत असेल, तर चूक मुलात आहे की शाळेच्या खात्यात आहे, हे आधी पाहायला हवे. फक्त घरी चंचल असेल, तर घरातल्या खात्यात डोकावायला हवे. त्या घरात भांडणे आहेत काय, दारू आहे काय, अलीकडे कुणाचा मृत्यू झाला आहे काय?

आणि दुसऱ्या कारणांची यादी काही लहान नाही. कान वाहून बहिरेपण आलेले मूल हाकेला ओ देत नाही. डोळ्यांनी अंधुक दिसणारे मूल फळ्याकडे पाहतच नाही. टॉन्सिल व नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या मुलाला रात्री धड झोप लागत नाही, आणि अर्धवट झोपलेले मूल दिवसा पेंगण्याऐवजी अनेकदा चिडचिड आणि धावपळ करते. अपस्माराचा एक प्रकार असा आहे की, त्यात झटके येत नाहीत. मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा भानावर येते. वर्गात त्याला 'लक्ष नाही' एवढाच शेरा मिळतो. रक्तक्षयाने अवधान टिकत नाही. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे 67 मुलांना रक्तक्षय आढळला होता! हे सारे तपासून झाल्यावर मग अतिचंचलतेचा विचार करायचा. आपल्याकडे घाईत हा क्रम उलटा होतो.

तिसरे खाते भाषेचे

आता माझ्या जिल्ह्याकडे येते. पैनगंगेच्या दक्षिण तीरावर आदिलाबाद, उत्तर तीरावर यवतमाळ. नदी जिथे सीमा आखते, तिथे भाषा काही थांबलेली नाही. आमच्या बाजूच्या कितीतरी गावांत घरातली भाषा मराठी. उटनूर, इंद्रवेल्लीच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी. तांड्यांवर लंबाडी. शहरात उर्दू. राज्याची भाषा तेलुगू, आणि 2018 च्या कायद्याने शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा. 2022-23 पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीला इंग्रजी माध्यमही आले. म्हणजे सहा वर्षांचे मूल घरी एक भाषा बोलते, मैदानावर दुसरी ऐकते आणि पुस्तकात तिसरी पाहते.

अशा मुलाचे वर्गातले वर्तन कसे असेल? सांगितलेले ऐकले नाही असे वाटेल. सूचना शेवटपर्यंत पाळणार नाही. दिलेला अभ्यास अर्धा ठेवील. खिडकीबाहेर पाहील. शेजाऱ्याला "काय म्हणाले?" म्हणून विचारील, म्हणजे बाईंच्या दृष्टीने मध्येच बोलेल. कंटाळून उठेल. वाचकहो, ही अठरा लक्षणांची यादी काढून शेजारी ठेवा. न कळणाऱ्या भाषेत दिवसाचे सहा तास बसवलेले कोणतेही निरोगी मूल त्यांतली सहा लक्षणे सहज दाखवील. तुम्हीआम्ही मोठी माणसे परभाषेतल्या भाषणाला अर्धा तास बसलो, तर आपणही चुळबुळ करतो आणि घड्याळ पाहतो!

भाषा नीट न समजल्याने मूल मागे पडते, हा शोध काही आजचा नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ निजामाच्या राजवटीत आमच्या जिल्ह्यात आले. त्यांच्या पुढाकाराने 1943 साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतली पहिली पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी ह्याच जिल्ह्यात सरकारी काम करताना गोंडी शिकून घेतली आणि तिचे व्याकरण लिहिले. मुलाशी आधी त्याच्या भाषेत बोलावे, एवढे शहाणपण ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात होते. आज दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत ते पुन्हा आणण्याची गरज आहे.

ही गरज मी डोळ्यांनी पाहिली आहे. शेजारच्या काकूंच्या नऊ वर्षांच्या मुलाला एका मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा मला तेलुगू येते म्हणून दुभाषी म्हणून मी बरोबर गेले. प्रश्नावली इंग्रजीत छापलेली, विचारणारे कर्मचारी तेलुगूत विचारीत, मी मराठीत सांगत होते. बहुतेक प्रश्नांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येई: "मुलगा असे नेहमी करतो का?" दोनचार प्रश्नांनंतर काकूंनी मलाच विचारले, "नेहमी म्हणजे किती गं? शेळ्यांमागं दिवसभर असतो, एक शेळी चुकू देत नाही. ते कुठं लिहायचं?" ते लिहायला कागदावर जागा नव्हती. भजनाला तो टाळ घेऊन तासभर बसतो, हे सांगायलाही नव्हती. 'नेहमी', 'कधीकधी', 'क्वचित' एवढेच चौकोन होते, आणि 'नेहमी'चे माप प्रत्येक घरात निराळे असते.

डॉक्टर भले होते. मी शेळ्यांची हकिकत तेलुगूत सांगितली, तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कान कधी वाहत होता का असे विचारले. काकू म्हणाल्या, "लहानपणापासून." पुढे तपासणीत एका कानाने फारच कमी ऐकू येते असे निघाले. तेलुगू माध्यमाच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा हा मराठी मुलगा, अर्ध्या कानाने परकी भाषा ऐकत होता! कानावर उपचार झाले, शाळेत पुढच्या बाकावर जागा मिळाली, आणि अतिचंचलता आहे की नाही हा निर्णय डॉक्टरांनी सहा महिने पुढे ढकलला. मुलगा अजूनही वांड आहे. कदाचित पुढे अतिचंचलतेचेही निदान होईल. झाले तर ते चांगल्या पायावर होईल, एवढे मात्र खरे. तेलुगू येणारी शेजारीण नसती तर त्या कागदावरच्या चौकोनांनी काय ठरवले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गुरुजींनी लावलेली जन्मतारीख

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या काही राज्यांत 1 सप्टेंबरला जे मूल पाच वर्षांचे झालेले असेल, त्यालाच बालवर्गात घेतात. तेव्हा ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान, आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेले सर्वांत मोठे. दोघांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, अशा राज्यांत ऑगस्टमधल्या मुलांत अतिचंचलतेचे निदान सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा 34 टक्क्यांनी अधिक होते. ऑगस्ट महिन्यात हा विकार जास्त जन्मतो असे तर कुणी म्हणणार नाही! वर्गातले लहान मूल मोठ्यांशेजारी पोरकट दिसते, आणि पोरकटपणाला विकार समजले जाते, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडचे पाहा. खेड्यांत कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली असते. जून महिन्यात जन्मलेल्यांची आपल्या शाळांतली संख्या पाहिली, तर महाराष्ट्रात आणि आमच्या जिल्ह्यात मुले फक्त पावसाच्या तोंडावर जन्मतात की काय, असे वाटावे. आता जन्मनोंदणी सुधारली आहे, तरी पाच वर्षे पुरी होण्याआधीच मुलाला पहिलीत बसवण्याची घाई काही गेलेली नाही. मूळ नोंदच चुकीची असेल, तर तिच्यावरून काढलेला ताळेबंद बरोबर कसा येईल? म्हणून डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी दाखल्यावरची तारीख पाहून थांबू नये. आईला विचारावे, की हा कोणत्या सणाच्या आसपास झाला, त्या साली काय घडले होते. आईचे उत्तर दाखल्यापेक्षा खरे असते.

नाण्याची दुसरी बाजू

इतके वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे हे सारे थोतांडच ना?" तसे मुळीच नाही, आणि माझ्या लेखाचा असा अर्थ कुणी काढला तर मला वाईट वाटेल. खरा विकार असलेल्या मुलाचे निदान न होणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. फक्त तो शांतपणे घडतो, म्हणून दिसत नाही.

माझ्याबरोबर शाळेत एक मुलगी होती. दंगा नाही, उलट उत्तर नाही. वही विसरणार, कंपास विसरणार, गणित चार पायऱ्या बरोबर सोडवून पाचवीला भलतीकडेच जाणार. प्रश्न विचारला की दचकून उभी राहणार. तिला सगळे 'वेंधळी' म्हणत. नववीत ती नापास झाली, आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरल्याचे कळले. तिला हा विकार होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकारच नाही. माझे म्हणणे एवढेच की, तिच्याकडे कुणी त्या दृष्टीने एकदाही पाहिले नाही. धावपळ करणारा मुलगा निदान मार तरी खातो, म्हणजे कुणाच्या तरी नजरेत येतो. अवधानाच्या कमतरतेचा जो मुका प्रकार आहे, तो मुलींत पुष्कळदा आढळतो. आणि मुक्या मुलीला आपण शहाणी तरी समजतो, नाही तर मंद.

अशा मुलाला पुढे काय भोगावे लागते? रोज बोलणी, रोज मार, हळूहळू स्वतःलाच 'मी वाया गेलेला' असे समजणे, मग शाळा सोडणे. उपाय नसता तर गोष्ट निराळी होती. उपाय आहेत. आईबापांना आणि शिक्षकांना काही साध्या पद्धती शिकवता येतात: एका वेळी एकच सूचना, लहान लहान कामे, चांगले वागताच ताबडतोब शाबासकी, बसण्याची जागा पुढे. सहा वर्षांखालच्या मुलांत प्रथम हेच करावे असे तज्ज्ञ सांगतात. मोठ्या मुलांना गरज पडल्यास औषधही देतात. 'गोळी देऊन मूल झोपवून ठेवतात' अशी एक भीती आहे, पण ह्यातले मुख्य औषध, मिथाइलफेनिडेट, झोप आणणारे नाही. ते उत्तेजक वर्गातले आहे. त्याने भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते आणि कायद्यानेही त्याच्या विक्रीवर नियंत्रण आहे. 1999 साली अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा अधिक कमी झाली, असे त्यात दिसले. एवढे हाती असताना मुलाला नुसती छडी देणे हे अज्ञान आहे, आणि आता ते क्षम्य राहिलेले नाही.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असेही नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुलांच्या ज्या तीसेक आजार-व्यंगांची तपासणी करायची, त्यांत अतिचंचलतेचे नाव आहे. वर्षातून एकदा ह्या कार्यक्रमाचे फिरते पथक शाळेत यावे अशी योजना आहे. आदिलाबादला 2008 पासून 'रिम्स' हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिकंदराबादला बौद्धिक अपंगत्वावर काम करणारी राष्ट्रीय संस्था 1984 पासून आहे, मात्र ती आमच्यापासून सुमारे 300 किलोमीटर दूर. 2022 पासून 14416 ह्या क्रमांकावर दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो, तोही अनेक भारतीय भाषांत. उणीव अशी की, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे, त्यात अध्ययन अक्षमता आहे, पण अतिचंचलतेचे स्वतंत्र नाव नाही. आणि पथक एका दिवसात साऱ्या शाळेचे दात, डोळे, वजन पाहते. सहा महिन्यांचे वर्तन काही त्या एका दिवसात दिसणार नाही. ते वर्गशिक्षकानेच सांगितले पाहिजे.

करता येण्यासारखे

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार सूचना करते.

पहिली. प्रश्नावल्या मुलाच्या घरच्या भाषेत असाव्यात. आमच्या जिल्ह्यात तेलुगू व उर्दूबरोबर मराठी आणि गोंडीतही त्या असल्या पाहिजेत. नुसता शब्दाला शब्द ठेवून चालणार नाही. 'रांगेत थांबता येत नाही' ह्यापेक्षा 'नळावर, रेशनच्या दुकानात नंबर येईतो थांबतो का' असे विचारले, तर आई नेमके उत्तर देईल.

दुसरी. शाळेच्या बाजूची साक्ष अशा शिक्षकाची घ्यावी, की ज्याला मुलाची भाषा समजते. तसा शिक्षक नसेल तर निदानाच्या कागदावर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला ह्या नोंदीचे वजन किती धरायचे ते कळेल.

तिसरी. शंका आलेल्या मुलाची शिक्षकाने आणि घरच्यांनी दोन-तीन आठवडे रोजकीर्द ठेवावी. कोणत्या तासाला उठला, त्याआधी काय चालले होते, कोणती भाषा चालू होती, सकाळी जेवून आला होता का. आठवणीतून भरलेल्या चौकोनांपेक्षा अशी दोन पाने डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडतील. रोजकीर्दीवाचून खतावणी नाही, हे आपण जाणतोच. आणि त्या दोन-तीन आठवड्यांत कान, डोळे व रक्त तपासून घ्यावे.

चौथी सूचना आपणा विद्यार्थ्यांसाठी आहे. ह्या अंकाची अर्धी पाने मराठीत आहेत, अर्धी कन्नडमध्ये. आपल्यापैकी बहुतेकांना दोन भाषा येतात, काहींना तीन. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी मुले आहेत, बेळगावकडे मराठी बोलणारी. त्यांचाही प्रश्न आमच्या पैनगंगेकाठच्या मुलांसारखाच आहे. भाषावादाची भांडणे आपण पुष्कळ ऐकली. ती मला इथे उकरायची नाहीत. दोन भाषा येणे ही आपली पुंजी आहे, आणि पुंजी तिजोरीत ठेवून वाढत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबरच जवळच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस दुभाषी म्हणून बसण्याचे काम आपल्या पथकाने का घेऊ नये? डॉक्टरांचा प्रश्न आईला तिच्या बोलीत सांगायचा, आणि आईचे उत्तर काटछाट न करता डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. त्यात आपले मत घालायचे नाही, मुलाचे नाव बाहेर काढायचे नाही. एवढे दोन नियम पाळले की पुरे.

पुढच्या सत्राच्या शिबिराची आखणी होईल, तेव्हा ही सूचना मी सल्लागार प्राध्यापकांपुढे लेखी मांडणार आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांतल्या मित्रमैत्रिणींनी तिच्यावर आपली सही करावी, अशी विनंती आहे.